स्लेडला अंगठ्याचा थ्रॉटल ठेवावा की पिळायची मूठ बसवावी?

हिमवाट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. माझी स्लेड, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल, टू स्ट्रोक आहे, कार्ब्युरेटरवाली, जुनी पण इंजिन एकदम ठणठणीत. जास्त करून लांब ट्रेलवर चालवते, अधूनमधून सोबतच्यांच्या मागे खोल ताज्या बर्फातही शिरते. हा चौथा सीझन. सगळं मस्त चाललंय, एक अंगठा सोडून. दोन तास झाले की उजव्या अंगठ्याच्या बुडाशी ठणकायला लागतं, तिसऱ्या तासाला तर लिव्हर दाबून धरायला अंगठा पुरतच नाही, मग मी तळव्याचा कडेचा भाग टेकवून ढकलते, आणि घरी आल्यावर बाटलीचं झाकण सुद्धा डाव्या हाताने उघडावं लागतं.

स्लेडच्या आधी मी कितीतरी वर्षं मोटरसायकल चालवली, दिवसदिवस चालवली, मूठ पिळून मनगट कधी दुखलं नाही. आता स्लेडला बसवायचे ट्विस्ट थ्रॉटलचे किट मिळतात असं कळलंय आणि मन तिकडे ओढ घेतंय. कुणी बसवलाय का? वापरून पस्तावलात की सुटलात? आणि एक मूळ शंका, सगळ्या कंपन्या अंगठ्याचाच लिव्हर का देतात, केवळ पहिल्यापासून चालत आलंय म्हणून की खरंच काही कारण आहे?

रानवारा
आधी तीन गोष्टी सांगा. लिव्हर हँडलवर कुठल्या कोनात बसवलाय, म्हणजे अंगठा वर उचलून न्यावा लागतो की सरळ पुढे जातो? केबल शेवटची कधी बदलली? आणि इंजिन बंद असताना लिव्हर दाबून सोडला तर खटकन परत येतो की आळसावल्यासारखा येतो? ह्याची उत्तरं मिळाल्याशिवाय किट घेऊ नका.

जुनी_स्लेड
ताई, कारण आहे, आणि ते सीटवर बसून नाही कळत, उभं राहिल्यावर कळतं.

मोटरसायकलवर आपण गुडघ्यांनी टाकी आवळतो आणि हँडल नुसतं धरतो. स्लेडवर गुडघ्यांना आवळायला तसं काही नसतं, आपण अक्षरशः हँडलला लटकलेले असतो. खड्डे आले की उभं राहून शरीर मागेपुढे जातं, वळणावर अख्खं धड आत झुकवावं लागतं, आणि डोंगराच्या उतारावर आडवं जायचं असेल तर एकाच रनिंग बोर्डवर (पाय ठेवायच्या बाजूच्या पट्टीवर) दोन्ही पाय, किंवा एक पाय बर्फात घासत, हँडल स्वतःकडे ओढून स्लेड वरच्या बाजूच्या स्कीवर कलती धरायची. त्या वेळी हातात शरीराचं निम्मं वजन असतं आणि त्याच हाताने थ्रॉटल अगदी एकसारखा धरायचा असतो, जरा कमी झाला तर स्लेड सपाट होऊन खाली घसरते, जरा जास्त झाला तर नाक वर डोंगरात घुसतं. मूठ पिळायची असेल तर ओढणं आणि रेस देणं ही दोन कामं एकाच हालचालीत अडकतात. अंगठा असला की चार बोटं आणि तळवा लटकायला मोकळे, रेसचं काम फक्त अंगठ्याचं. एवढंच कारण आहे आणि ते पुरेसं आहे.

मी एका सीझनला पिळायची मूठ बसवली होती, त्यावेळी मलाही ती मोटरसायकलवाली सवय होती. ताज्या बर्फाखाली ओढ्याचा खोलगट भाग लपलेला, दिसलाच नाही. पुढच्या स्की खाली गेल्या, परत वर उसळल्या, मी मागे फेकला गेलो पण हात सुटला नाही, आणि हात सुटला नाही म्हणूनच मनगट मागे वळलं आणि थ्रॉटल पूर्ण उघडला. स्लेड आणखी जोरात पुढे, मी आणखी मागे, त्यामुळे मूठ आणखी पिळली. हे सगळं एका श्वासात. शेवटी पडलो तेव्हा टेदरची (माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी निघाली आणि इंजिन बंद झालं, स्लेड झाडांच्या अलीकडे थांबली. ती दोरी कोटाला लावलेली नसती तर काय झालं असतं ह्याचा विचार अजूनही करवत नाही. घरी येऊन पहिलं काम केलं ते मूठ काढून लिव्हर परत बसवण्याचं.

गारठा
+१ टेदरला. धाग्याचा विषय काहीही असो, दोरी लावल्याशिवाय चालू करू नका.

हिमवाट
जुनी_स्लेड, वाचून काटा आला अंगावर. बरं झालं सुखरूप सुटलात. "मागे फेकलं की जास्त रेस" हे मोटरसायकलवर मला माहीत होतं, नवीन शिकणाऱ्यांना बघितलंय तसं होताना, पण स्लेडवर आपण किती सारखे मागेपुढे होत असतो हा विचारच केला नव्हता.

रानवारा, कोन तसाच आहे जसा स्लेड घेतली तेव्हा होता, कधी हात लावला नाही. केबल माझ्याकडे आल्यापासून बदललेली नाही. लिव्हर परत येतो, पण खटकन म्हणता येणार नाही.

दुचाकीवेडा
माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तोही इथे असायला हवा. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याचं ऑपरेशन झालंय, अंगठ्याने लिव्हर अर्धा तास धरणं मला शक्यच नाही. दोन सीझन झाले, ट्रेलच्या स्लेडला पिळायची मूठ आहे आणि ती नसती तर मी हा छंद सोडलेला असता. लांब, सपाट, रोलर फिरवून गुळगुळीत केलेल्या ट्रेलवर एका वेगाने जाताना ती फार सुखाची आहे, अख्खा तळवा काम करतो, पकड बदलता येते, मधेच नुसत्या दोन बोटांनीही धरून ठेवता येते.

पण मी काय काय पाळतो ते ऐका. मुठीवर हात थोडा बाहेरून ठेवतो आणि कोपर वर, म्हणजे मागे गेलो तरी मनगट सहज वळत नाही. केबल ज्यावर गुंडाळली जाते तो ड्रम लहान घेतलाय, त्यामुळे पूर्ण रेसला मूठ जास्त फिरवावी लागते, पाव वळशात सगळं उघडणारी मूठ स्लेडला घेऊच नका, झटके बसतात. टेदर नेहमी. आणि खोल बर्फात किंवा डोंगरउतारावर ही स्लेड नेत नाही, म्हणजे नाहीच. त्या बाबतीत जुनी_स्लेड म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

स्नोबाइकचं मात्र उलट. मोटरसायकलला पुढे एक स्की आणि मागे पट्टा लावतात ती, टिंबरस्लेडचे किट बऱ्याच जणांना माहीत असतील, २०१५ साली पोलारिसने ती कंपनी घेतली. तिथे मूठ पिळायचीच असते आणि शोभते, कारण ती मुळात मोटरसायकलच आहे, गुडघ्यांत टाकी आहे, क्लच आहे, गिअर आहेत, शरीर मशीनला चिकटलेलं असतं. म्हणून मूठ वाईट की अंगठा वाईट असं नसून आपण मशीनला कशाने धरून आहोत ह्यावर सगळं ठरतं असं माझं मत.

यंत्रजीव
किटबद्दल बोलताय तर मेकॅनिकच्या नजरेने चार गोष्टी लिहितो, कारण लोक मूठ बसवून येतात आणि मग इंजिन उघडायची वेळ येते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, ऑइल पंप. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच टू स्ट्रोक स्लेडमध्ये थ्रॉटलची केबल पुढे फुटते, फाटे कार्ब्युरेटरला आणि एक फाटा ऑइल पंपाला. रेस वाढली की पंपाचा हात फिरतो आणि तेल जास्त सोडतो. पंपावर खूण असते, ती ठरलेल्या जागी जुळलीच पाहिजे. मूठ बसवताना केबलची लांबी जरा इकडेतिकडे झाली आणि पंप मागे राहिला तर वर रेस पूर्ण आणि तेल मात्र आयडलचं, मग पिस्टन जाम. हे आवाजावरून आधी कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. नवीन मशीनमध्ये पंप इलेक्ट्रॉनिक असतो, तिथे हा प्रश्न नाही, पण हिमवाट ताईंच्या मशीनला आहे असं धरून चाला आणि तपासा.

दुसरी, सेफ्टी स्विच. लिव्हरच्या ब्लॉकमध्ये नुसता लिव्हर नसतो. यामाहावर त्याला टॉर्स म्हणतात, पोलारिसवर थ्रॉटल सेफ्टी स्विच. काम असं की तुम्ही अंगठा काढला, लिव्हर परत आला, पण कार्ब्युरेटरची स्लाइड (रेसप्रमाणे वरखाली सरकणारी आतली झडप) बर्फाने उघडीच अडकली तर केबल सैल पडते, स्विचला ते कळतं आणि तो ठिणगी तोडून इंजिन बंद पाडतो किंवा क्लच पकडणार नाही इतकं खाली आणतो. पिळायची मूठ बसवली की हा स्विच बहुतेक वेळा निघून जातो, आणि तो जोडलेला नसला तर इंजिन चालतच नाही म्हणून लोक वायर एकमेकींना जोडून टाकतात. ज्या मशीनच्या स्लाइडवर बर्फ धरू शकतो त्या मशीनवरून हीच एक गोष्ट काढून टाकायची, हे मला कधीच पटलेलं नाही, कुणी कितीही म्हणो की टेदर आहे ना.

तिसरी, ज्यांची स्लेड नवीन आहे आणि थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे त्यांनी केबलवाल्या किटचा विचार सोडा. तिथे लिव्हरमध्ये सेन्सर असतो, केबल नसतेच.

चौथी अगदी साधी. मूठ असो वा लिव्हर, काम झाल्यावर इंजिन आयडलला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज वाढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय. ही तपासणी स्टँडवर, पट्टा जमिनीपासून वर उचलून आणि मागे कुणी उभं नसताना करायची.

हिमवाट
यंत्रजीव, ऑइल पंपाचं मला अजिबात माहीत नव्हतं, चार सीझन चालवतेय आणि माहीत नव्हतं. उघडून बघितलं, केबलला फाटा आहे.

रानवारा
अंगठा आणि मूठ ह्यांच्या मधला एक रस्ता आहे तो कुणी बोललं नाही अजून. बोटांचा थ्रॉटल. लिव्हर हँडलच्या मागे न राहता पुढे येतो, ब्रेकसारखा तर्जनी आणि मधल्या बोटाने ओढायचा. वॉटर स्कूटरवर बऱ्याच ठिकाणी असाच असतो. स्की-डूच्या आयटीसी (इलेक्ट्रॉनिक) थ्रॉटलवाल्या फोर स्ट्रोक मॉडेलमध्ये लिव्हर फिरवून अंगठ्याऐवजी बोटांनी चालवता येतो, मी तसाच वापरतो, दोन तास अंगठा, मग थांबून फिरवायचा आणि दोन तास बोटं, एकाच सांध्यावर दिवसभराचा भार येत नाही. केबलवाल्या जुन्या मशीनला असे उलटे बसणारे लिव्हर वेगळे घ्यावे लागतात. ह्यात मुठीसारखा गोल फिरण्याचा प्रकार नाही त्यामुळे मागे फेकलं गेलं तर मनगट वळून रेस वाढत नाही. पण बोटं आवळली की रेस वाढते हा धोका राहतोच, आणि लटकायला दोन बोटं कमी.

सांधेजोड
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्लेडही चालवते, म्हणून जरा सविस्तर.

अंगठा असा एका बाजूला ढकलून तासन्‌तास धरून ठेवणं हे त्याचं रोजचं काम नाही. त्याचे स्नायू छोटे आहेत, पकडायला चांगले पण एकाच जागी ताण धरून ठेवायला लवकर थकतात, आणि ते थकले की भार सांध्यावर आणि कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) जातो. दोन वेगळ्या जागा दुखतात आणि दोन्हींचा उपाय एक नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला दुखत असेल तर तिथल्या कंडरा सुजलेल्या असू शकतात, ह्याला डी क्वेरव्हेन म्हणतात. घरी अंदाज घ्यायचा तर अंगठा मुठीत आत घालायचा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवायचं, कडेला कळ गेली तर शंका घ्या आणि दाखवून घ्या. अगदी अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या फुगीर भागाच्या मुळाशी दुखत असेल, झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना जास्त, तर सांध्याची झीज आहे का ते बघावं लागतं. हिमवाट, तुमचं वर्णन दुसऱ्याच्या जवळ जातंय, पण हे लिहून ठरत नाही, हात बघावा लागतो. एकदा डॉक्टरांना दाखवाच.

आणि थंडी विसरू नका. उणे २० अंशात ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या कातडीला ते उणे ३५ सारखं असतं. हातमोज्यात कातडी उघडी नसते हे खरं, पण चार बोटं गरम मुठीभोवती गुंडाळलेली असतात आणि अंगठा एकटा लिव्हरवर, वाऱ्यात. गार स्नायू लवकर आखडतो. म्हणून लिव्हरला वेगळा हीटर असतो, तो चालू आहे का बघा. पिळायच्या मुठीचा हा एक खरा फायदा, अंगठाही मुठीभोवती ऊब घेतो.

जाड हातमोज्यात माणूस नकळत जास्त जोर लावतो, हेही लक्षात ठेवा.

दुचाकीवेडा
गरम मुठीबद्दल एक. पिळायच्या मुठीत हीटर बसवता येतो पण त्याच्या वायरी प्रत्येक वेळी मुठीबरोबर वळतात, माझ्या पहिल्या सीझनलाच एक तुटली. वायरीला सैल वळसा सोडावा लागतो.

पहिला_बर्फ
मी अगदीच नवीन, बायकोलाही शिकवायची आहे, म्हणजे नवशिक्याला अंगठाच सुरक्षित असं समजायचं ना?

जुनी_स्लेड
सुरक्षित म्हणण्यापेक्षा चूक माफ करणारा म्हणा, आणि तीही प्रत्येक वेळी नाही. मागे फेकलं गेलं की अंगठा आपोआप लिव्हरवरून निसटतो आणि स्प्रिंग रेस बंद करते, हे बरोबर. पण नवीन माणूस घाबरला की काय करतो? घट्ट धरतो. पूर्ण मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की अंगठा आत येतो, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबला जातो. स्लेड पळते, तो आणखी घाबरतो, आणखी आवळतो. मी हे दोनदा डोळ्यांनी बघितलंय, एकदा समोर कुंपण होतं.

म्हणून शिकवताना इंजिन बंद ठेवून पहिली दहा मिनिटं एवढंच करून घ्या, तुम्ही "सोड" म्हणायचं आणि त्यांनी अंगठा वर उचलायचा, चार बोटं मुठीवर तशीच. मग डाव्या हाताचा ब्रेक. मग अंगठ्याने लाल बटण दाबून इंजिन बंद करणं. ते हाताला लागलं की मगच चालू. स्लेडला क्लचचा लिव्हर नाही गिअर नाही, सीव्हीटी (स्कूटरसारखी बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक रचना) आहे, ठरावीक आरपीएमला, साधारण तीन ते चार हजारांच्या मधे कुठेतरी, क्लच बेल्टला पकडतो आणि स्लेड एकदम हलते. तो पहिला झटका नवीन माणसाला अनपेक्षित असतो. शिकवताना मोकळं सपाट मैदान घ्या, झाडं लांब. काही कंपन्या शिकाऊ चावी देतात, तिने वेग आपोआप मर्यादेत राहतो, मिळाली तर तीच लावा.

पहिला_बर्फ
हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

यंत्रजीव
जुनी_स्लेडच्या यादीत एक जोडा. स्लेड उलटली किंवा लिव्हरवर बर्फ साचला की तो झटकून लगेच निघू नका. लिव्हरच्या हीटरने बर्फ वितळतो, पाणी ब्लॉकमध्ये उतरतं आणि जेवायला अर्धा तास थांबलात की ते आतच गोठतं. प्रत्येक थांब्यानंतर चालू करण्याआधी लिव्हर दोनतीनदा दाबून सोडायचा, परत येतो का बघायचं.

हिमवाट
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय, काय झालं ते सांगणं माझं कामच आहे.

किट घेतलं नाही. आधी रानवारांनी विचारलं ते केलं. लिव्हर बघितला तर तो मुठीच्या इतका वर फिरवलेला होता की मला प्रत्येक वेळी अंगठा उचलून मग पुढे ढकलावा लागत होता, आधीच्या मालकाचा हात मोठा असावा. स्क्रू सैल करून खाली फिरवला, उभी राहून आणि बसून दोन्ही करून बघितलं, आता अंगठा सरळ जातो. मग केबल काढली, आणि इथे खरी गोष्ट सापडली. स्टिअरिंगच्या खांबाजवळ ती एका पट्टीखाली दबलेली होती, बाहेरचं आवरण घासून आतली तार दिसत होती आणि आत गंज. म्हणजे चार सीझन मी स्प्रिंगशी नाही तर गंजलेल्या केबलशी झगडत होते. नवीन केबल, मोकळ्या वळणाने नेली, ऑइल पंपाची खूण जुळवली, दोनदा तपासली, हँडल दोन्हीकडे फिरवून आवाज ऐकला. सेफ्टी स्विच जागच्या जागी आहे. लिव्हरला रुंद पट्टी लावली ज्यामुळे अंगठ्याच्या टोकाऐवजी मधला भाग टेकतो. पट्टी लांब घेतली असती तर जोर अजून कमी लागला असता, पण मग हातमोज्यात अडकते असं वाटलं म्हणून छोटीच ठेवली.

डॉक्टरांनाही दाखवलं. सांध्याला सूज आहे, झीज अगदी सुरुवातीची. रात्री बांधायचा पट्टा दिलाय आणि अंगठ्याचे व्यायाम.

मग परवा चार तासांची फेरी मारली. साडेतीन तासांनी ठणकायला लागलं, मी थांबले, पंधरा मिनिटं हात कोटात घातला, परत निघाले. पूर्वीच्या दोन तासांपुढे हे माझ्यासाठी खूप आहे. आणि परतीच्या वाटेवर एका उतारावर स्लेड कलती धरून आडवं जाताना मुद्दाम लक्ष दिलं, हात पूर्ण ताणलेला, हँडल छातीकडे ओढलेलं, आणि अंगठा आपला वेगळा, हळूच एक मिलीमीटर इकडेतिकडे. जुनी_स्लेड काय म्हणत होते ते तिथे कळलं.

दुचाकीवेडा, सांधा पुढे बिघडला तर तुमच्याकडेच विचारायला येणार आहे, लहान ड्रम आणि कोपर वर हे लिहून ठेवलंय.

आता फक्त लिव्हरचा हीटर राहिलाय, तो गरम होतच नाही. स्विचपर्यंत करंट येतोय, पुढे नाही. यंत्रजीव, वायर ब्लॉकच्या आतून जाते का बाहेरून?

यंत्रजीव
आतून. पण ब्लॉक उघडायच्या आधी हँडलखालचा कनेक्टर बघा, तो काढून दोन टोकांमध्ये मीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे, कनेक्टर पुसून परत लावा. काहीच दाखवलं नाही तर लिव्हरच बदला, आतली तार जोडून टिकत नाही.